बाहेरून लावायचं औषध

दिवे घाट चढून आलेली माणसं सासवडच्या मुक्कामी फार बोलत नाहीत. पुणं सोडल्यापासून तीसेक किलोमीटर झालेले असतात. माऊलींच्या पालखीच्या वाटेवरची ही सगळ्यांत लांब चाल, त्यात घाटाचा चढ. राहुट्या लागतात, ट्रकमधून पडशा उतरतात आणि जो तो आपल्या पोटऱ्या चाचपत बसतो. एका दिंडीत अशा वेळी नाना राहुटीच्या तोंडाशी गोणपाट अंथरायचे आणि हाक द्यायचे, "या माऊली, पाय लांब करा."

नाना अंबाजोगाईकडचे शेतकरी, वय 67. मुलगा पुण्यात औषधांच्या गोदामात कामाला होता. पालखी पुण्यात आली तेव्हा त्याने बापाच्या पिशवीत दुखण्यावरच्या जेलच्या वीस ट्यूबा घातल्या होत्या. नानांचा स्वतःचा उजवा गुडघा झिजलेला. पण स्वतःसाठी दोन ठेवून बाकीच्या त्यांनी सेवेला काढल्या. माणूस समोर बसला की अंगठ्याने ट्यूब दाबायची, बोटभर लांब रेघ पायावर ओढायची आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चोळत न्यायची. गंधपुऱ्याचा तो ओळखीचा उग्र वास राहुटीभर पसरायचा, मेंथॉलचा गारवा चढायचा, आणि समोरच्याचे डोळे मिटायचे. कोण, कुठला, काय करतो, काही विचारायचं नाही. वारीत विचारत नाहीत. समोरचा माऊली आहे एवढं पुरतं. वारीचं थोरपण त्यातच आहे, असं मला मनापासून वाटतं.

दिंडीचे पखवाजी बुवा नानांच्याच गावचे, लंगोटीयार. चार वर्षांपूर्वी बुवांच्या हृदयातली झडप बदलली होती. धातूची झडप बसवली की तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि रक्त किती पातळ झालंय ते ठरावीक दिवसांनी तपासावं लागतं. बुवा ते काटेकोर पाळायचे. निघण्याआधी तपासणी करून आले होते, रोज संध्याकाळी हरिपाठानंतर गोळी.

सासवडला बुवांची कंबर धरली, दोन्ही गुडघे भरून आले. नानांनी कनवटीची दुखण्यावरची गोळी पुढे केली.

"नको रे," बुवा म्हणाले. "डॉक्टरांनी बजावलंय, दुखण्यावरची कुठलीच गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही."

"बरं, गोळी नको. बाहेरून लावायला तर काही नाही ना?"

"बाहेरून काय व्हायचंय?"

दोघांनाही ते पटलं. ट्यूबेवरही तसंच लिहिलेलं होतं, केवळ बाह्य वापरासाठी. पोटात घ्यायचं नाही, डोळ्यांत-तोंडात घालायचं नाही, असा त्याचा अर्थ. नानांनी अर्थ घेतला तो असा की, बाहेरचं औषध बाहेरच राहतं.

त्या रात्रीपासून मित्राच्या पायांची सेवा वेगळ्या मापाने सुरू झाली. इतरांना एक रेघ, बुवांना अर्धी ट्यूब. दोन्ही गुडघे, दोन्ही पोटऱ्या, कंबर. सकाळी, दुपारच्या विसाव्याला आणि रात्री. जेजुरी सोडल्यावर पाऊस लागला. लावलेलं धुऊन जाऊ नये म्हणून नानांनी एक युक्ती काढली. जेल चोळून झालं की गुडघ्याभोवती प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा आणि वरून पट्टी आवळायची. राहुटीत चूल पेटली की त्याच पट्टीवरून फडकं तापवून शेक द्यायचा. बुवांना आराम पडत होता. नानांना तर धन्य वाटत होतं.

दिंडीत एक निवृत्त नर्सबाई होत्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात उभा जन्म गेलेला, सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. वाल्ह्याच्या मुक्कामी एक पोर रडत त्यांच्याकडे आलं, डोळा लालबुंद. नानांनी सेवा करता करता मायेनं त्याच्या कपाळाला बुक्का लावला होता, आणि हाताचं औषध घामाबरोबर डोळ्यात उतरलं होतं. सिस्टरनी स्वच्छ पाण्याने डोळा बराच वेळ धुतला आणि नानांना एवढंच म्हणाल्या, "प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा, नाना." नानांनी मान डोलवली. मेंथॉल झोंबलं, दुसरं काय, असं मनाशी म्हणून ते पुढच्या पायाकडे वळले. बाईंनीही त्या दिवशी जास्त चौकशी केली नाही. त्याची रुखरुख त्यांना पुढे फार लागली.

नीरेत पादुकांचं स्नान झालं, लोणंद मागे पडलं. चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण झालं. अश्व धावला, टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडाली, बुवांचा पखवाज नुसता कडाडत होता. संध्याकाळी तरडगावच्या मुक्कामी बुवा चूळ भरायला गेले, ते लाल पाणी थुंकत परत आले. हिरड्यांतून रक्त येत होतं आणि थांबत नव्हतं. दंडावर आणि मांडीवर काळेनिळे डाग होते. कुठे आपटल्याचं बुवांना आठवत नव्हतं.

सिस्टरनी कंदील जवळ घेतला. डाग पाहिले, गुडघ्यावरची पट्टी पाहिली, पट्टी सोडून आतला प्लास्टिकचा कागद पाहिला. त्याखालची कातडी पांढुरकी, पाणी सुटल्यासारखी झाली होती, आणि पोटरीवर फुटलेल्या फोडाची उघडी जखम होती. तिच्यावरूनही जेल चोळलेलं होतं.

"किती दिवस?"

"सासवडपासून," नाना म्हणाले.

"किती लावलं?"

नानांनी पिशवी पुढे केली. सात रिकाम्या ट्यूबा निघाल्या, 30 ग्रॅमच्या.

रात्रीच पालखीसोबतच्या रुग्णवाहिकेतून बुवांना फलटणला हलवलं. रक्त तपासलं. अशा झडपेच्या माणसाचा रक्ताच्या पातळपणाचा आकडा साधारण अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा. बुवांचा सहाच्या पुढे गेला होता. डोक्याला मार लागला असता, पोटात रक्तस्राव झाला असता, तर काही हाती राहिलं नसतं. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं, रक्त पातळ करणारी गोळी थांबवली आणि रोज तपासणी लावली.

नाना रुग्णालयाच्या ओसरीत भिंतीला टेकून बसले होते. "मी तर बाहेरूनच लावलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. सिस्टर शेजारी बसल्या. त्यांनी एक रिकामी ट्यूब हातात घेतली आणि चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचून दाखवली. डायक्लोफेनॅक. मिथाइल सॅलिसिलेट. मेंथॉल.

"हा जो गंधपुऱ्याचा वास येतो ना, तो या सॅलिसिलेटचा. अ‍ॅस्पिरिनच्या नात्यातलं आहे ते. कातडीतून आत जातं आणि वॉरफॅरिनचा जोर वाढवतं. सूज उतरवणारं खरं औषध डायक्लोफेनॅक. बुवांनी जी गोळी नको म्हटली, तिच्याच जातीचं. आत गेल्याशिवाय ते सांध्याची सूज उतरवणार कसं, सांगा बरं? कातडी म्हणजे भिंत नाही, नाना. बेताने लावलं तर गोळीच्या मानानं रक्तात फार थोडं उतरतं, शंभरात सहा भाग म्हणा. म्हणून तर ते गोळीपेक्षा सोसतं. पण तुम्ही कंबरेपासून घोट्यापर्यंत लावलंत, वर प्लास्टिक बांधलंत, शेक दिलात, फुटलेल्या फोडावर चोळलंत. दार होतं ते सताड उघडलंत."

नाना गप्प झाले. मग एकदम म्हणाले, "डायक्लो म्हणजे... बैलाला टोचायचे ते?"

"तेच."

नानांच्या गावाबाहेर माळ होता. मेलेलं जनावर तिथे टाकायचे. नाना तरणे होते तेव्हा माळावर ढोर पडलं की आभाळातून गिधाडं उतरायची, आणि पाहता पाहता हाडांचा सापळा उरायचा. नंतर नंतर ढोर पडलं तरी गिधाडं येईनात. कुत्री वाढली, वास गावापर्यंत यायला लागला. कुणी म्हणालं रोग आला, कुणी म्हणालं देव कोपला. 2004 मध्ये शास्त्रज्ञांनी कारण शोधून काढलं. लंगडणाऱ्या, सुजलेल्या जनावराला डायक्लोफेनॅक टोचायचं, त्यातलं एखादं थोड्याच दिवसांत मरायचं, गिधाडं त्याचं मांस खायची आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. 2006 मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं.

"मीही टोचून घेतलं होतं," नाना म्हणाले. "ढवळ्याचा खांदा सुजला होता. उपकारच वाटले होते तेव्हा त्या औषधाचे."

"बैलाला गुणच आला असेल. माणसालाही येतो. गिधाडाला ते कुणी दिलंच नव्हतं, नाना. ते आपोआप पोचलं."

पहाटे चहा घेतल्यावर नाना उरलेल्या ट्यूबा घेऊन उठले. कालव्यात फेकून देणार होते. सिस्टरनी पिशवी हातातून काढून घेतली. औषध पाण्यात टाकायचं नसतं, आणि औषधाचा काही अपराधही नव्हता. झिजलेल्या गुडघ्यावर, मुरगळलेल्या घोट्यावर हे जेल खरंच गुण देतं. ज्यांच्या पोटाला गोळ्या सोसत नाहीत अशा कितीतरी म्हाताऱ्यांना त्याचाच आधार आहे. नाना, तुमच्या स्वतःच्या गुडघ्यालाही ते हवंच आहे, असं म्हणून त्यांनी तिथेच, ओसरीवर, नानांच्या गुडघ्यावर माप दाखवलं. लहान सांध्याला बोराएवढं, गुडघ्याला फार तर अक्रोडाएवढं, म्हणजे 2 ते 4 ग्रॅम, दिवसातून तीन-चारदा. हलक्या हाताने पसरायचं. रगडायचं नाही. वर प्लास्टिक नाही, आवळपट्टी नाही, शेक नाही. दहा मिनिटं वाळू द्यायचं, तासभर पाणी लावायचं नाही, लावलेला भाग उन्हात उघडा ठेवायचा नाही. मग हात धुवायचे. सोबत दुखण्यावरची गोळी घ्यायची नाही. आठवडाभरात उतार पडला नाही, तर डॉक्टरांना गुडघा दाखवायचा.

"आणि दुसऱ्याला लावताना?" नानांनी विचारलं.

"दुसऱ्याला लावताना आधी विचारायचं."

नानांना हे सगळ्यांत जड गेलं. माप शिकता येतं. पण माऊली म्हणून समोर बसलेल्या माणसाला त्याच्या दुखण्यांची यादी विचारायची, हे त्यांना सेवेत मिठाचा खडा टाकल्यासारखं वाटलं. बरडच्या मुक्कामी त्यांनी गोणपाट अंथरलंच नाही. नातेपुत्याला लोकांनी हट्ट धरला म्हणून बसले, पण सिस्टरना शेजारी बसवून घेतलं. पहिल्या माणसाला विचारताना जीभ अडखळली. "माऊली... रोजची काही गोळी चालू आहे का?"

तो माणूस रागावला नाही. उलट सांगतच बसला. किडनीचा त्रास आहे म्हणाला, दोनदा सूज आली, बायको गेल्यापासून पथ्याचं कुणी बघत नाही. त्याच्या पायाला जेल लावलं नाही. सिस्टरनी दुसऱ्या दिवशी त्याला वैद्यकीय पथकाकडे नेलं. एक बाई म्हणाल्या, अ‍ॅस्पिरिन घेतली की दमा उठतो; त्यांनाही नाही. एक तरुण सून कंबर धरून आली. सहावा महिना होता, आणि सासूलाही तिने अजून सांगितलेलं नव्हतं. नानांनी मान खाली घातली आणि सिस्टर तिला घेऊन आत गेल्या. त्या रात्री नानांच्या हातून नेहमीच्या निम्मेही पाय झाले नाहीत. पण प्रत्येक जण उठताना थोडा जास्त वेळ बसून उठला. विचारपूस हा शब्द आपण किती सैल वापरतो. त्यातलं विचारणं नानांच्या तोंडून त्या रात्री पहिल्यांदा खऱ्या अर्थाने निघालं.

वेळापूर ओलांडून दिंडी भंडीशेगावला आली, तेव्हा बुवा आधीच पोचले होते. आकडा जागेवर आला होता, डाग पिवळे पडले होते. पखवाज वाजवायला डॉक्टरांनी अजून मनाई केली होती, म्हणून ते नुसतेच टाळकऱ्यांच्या मागे बसून मान हलवत होते.

कीर्तन संपलं. नाना टाकीपाशी गेले, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, उपरण्याला पुसले आणि बुवांच्या पायाशी येऊन बसले. पिशवी राहुटीतच राहिली होती. त्यांनी बुवांचा एक तळवा मांडीवर घेतला आणि अंगठ्याने हळूहळू दाबू लागले. बाहेर पावसाची भुरभुर सुरू झाली होती.

"वास येत नाहीये," बुवा डोळे मिटूनच म्हणाले. "काय लावलंस आज?"

"काही नाही," नाना म्हणाले. "नुसता हात."