चांगुलपणा शिकवता येतो का?



जून महिना आला. पहिला पाऊस पडला, शाळा सुरू झाल्या आणि आपल्या धर्मग्रामातील रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्गही आजपासून पुन्हा भरत आहेत. या दिवसांत मिस्सा संपल्यावर आईवडील मुलांना घेऊन आमच्याकडे येतात. कोणी म्हणते, "फादर, ह्याला जरा वळण लावा, घरी कोणाचे ऐकत नाही." कोणी म्हणते, "फादर, आम्ही दोघेही नोकरीला जातो, हिच्यावर संस्कार तुम्हीच करा." आम्ही 'हो' म्हणतो आणि मुलांच्या डोक्यावर हात ठेवतो. मुले निघून गेली की मनात एक प्रश्न उरतो. गणित शिकवता येते, इंग्रजी शिकवता येते, पोहायलाही शिकवता येते. पण चांगुलपणा शिकवता येतो का?

हा प्रश्न आजचा नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याचा 'मेनो' हा संवाद वाचला होता. तो सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा आहे. मेनो नावाचा श्रीमंत तरुण सॉक्रेटिसला हेच विचारतो, की सद्गुण शिकवून येतो की सवयीने, की जन्मतःच असतो? सॉक्रेटिस त्याला अथेन्समधील थोर माणसांची उदाहरणे देतो. थेमिस्टोक्लिस हा मोठा सेनानी. त्याने आपल्या मुलाला घोडेस्वारी इतकी उत्तम शिकवली, की तो मुलगा धावत्या घोड्यावर उभा राहून भाला फेकत असे. मात्र बापाचा चांगुलपणा आणि शहाणपण त्याच्यात उतरले, असे कोणी म्हणत नव्हते. थेमिस्टोक्लिसने मुलासाठी शिक्षक ठेवले, पैसा खर्च केला. जे विकत मिळत होते ते त्याने दिले. जे विकत मिळत नव्हते ते मात्र देता आले नाही. आज आपणही मुलांना ट्यूशन, कॉम्प्युटर, कराटे अशा सगळ्या क्लासना घालतो. मुलांवरील प्रेमापोटीच घालतो. तरी थेमिस्टोक्लिसची अडचण आपल्या घरीही आहेच.

त्याच संवादात आणखी एक प्रसंग आहे. सॉक्रेटिस मेनोच्या एका गुलाम मुलाला बोलावतो आणि जमिनीवर चौरस काढतो. बाजू दोन फूट, म्हणजे क्षेत्रफळ चार. आता याच्या दुप्पट, म्हणजे आठ क्षेत्रफळाचा चौरस कोणत्या बाजूवर होईल? मुलगा बेधडक सांगतो, बाजू दुप्पट करा, चार फूट. मोजून पाहतो तर सोळा होतात. मग म्हणतो, तीन फूट. तर नऊ होतात. शेवटी मुलगा कबूल करतो, की मला माहीत नाही. येथे सॉक्रेटिस मेनोकडे वळून विचारतो, की या मुलाचे नुकसान झाले की फायदा? मघाशी त्याला माहीत नव्हते, तरी माहीत आहे असे वाटत होते. आता निदान आपल्याला माहीत नाही, हे त्याला कळले. त्यानंतरच तो चौरसाच्या कर्णापर्यंत, म्हणजे योग्य उत्तरापर्यंत पोहोचतो.

हे सारे आम्ही परीक्षेत व्यवस्थित लिहिले आणि गुणही मिळवले. त्याचा अर्थ मात्र पुष्कळ वर्षांनी एका मुलाकडून कळला.

तेव्हा आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सहाय्यक धर्मगुरू होतो. नवीन होतो आणि शिस्तीचे मोठे भोक्ते होतो. दृढीकरणाच्या वर्गात एक मुलगा सलग तीन रविवार उशिरा आला. तिसऱ्या रविवारी आम्ही त्याला सर्वांसमोर उभे केले आणि चौथी आज्ञा विचारली. 'आपल्या आईवडिलांचा मान राख' एवढेच उत्तर. तो मान खाली घालून गप्प राहिला. आम्ही म्हणालो, "पाठ नाही ना? उशिरा येणाऱ्याला काय येणार!" वर्ग हसला. आम्ही त्याला बाहेर उभे केले.

वर्ग सुटल्यावर धर्मशिक्षिका आमच्याकडे आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "फादर, त्याची आजी वर्षभर अंथरुणाला खिळलेली आहे. आई पहाटेच्या गाडीने फुले घेऊन दादरला जाते. आजीचे तोंड धुणे, तिला भरवणे, अंथरूण बदलणे, सगळे तोच करतो आणि मग वर्गाला येतो."

म्हणजे आम्ही ज्या आज्ञेचे शब्द विचारत होतो, ती आज्ञा पाळूनच तो मुलगा वर्गात येत होता. शब्द आमच्याकडे होते आणि आज्ञा त्याच्याकडे होती. त्या दिवशी धडा कोणी कोणाला द्यायचा होता?

आम्ही लगेच क्षमा मागितली असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. परंतु तसे घडले नाही. दोन रविवार आम्ही स्वतःला समजावत राहिलो, की फादरने मुलासमोर मान तुकवली तर वर्गाचा धाक राहणार नाही. आणि नियम तो नियम, उशीर तो उशीरच. तिसऱ्या रविवारी वर्गासमोर त्याला म्हणालो, "त्या दिवशी आमचे चुकले. कारण न विचारता आम्ही तुला लाजवले. आम्हांला क्षमा कर." तो एवढेच म्हणाला, "असू दे, फादर." वर्गात त्या दिवशी कोणी हसले नाही. वर्गाची शिस्तही बिघडली नाही. मात्र वर्ष संपेपर्यंत त्या मुलाने आमच्या कोणत्याही प्रश्नाला हात वर केला नाही. क्षमा मिळाली, परंतु त्याचा विश्वास आम्ही गमावला तो परत मिळाला नाही. उशिराचे कारण त्याला बाजूला घेऊन विचारायला दोन मिनिटेही लागली नसती.

संत ऑगस्टिन हे स्वतः शिक्षक होते. मिलान शहरात ते वक्तृत्वशास्त्र शिकवत. इ. स. ३८७ साली त्यांनी आपला मुलगा आदेओदातुस याच्यासह बाप्तिस्मा घेतला आणि दोन वर्षांनी या मुलाशी झालेल्या संभाषणावर 'गुरूविषयी' हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की शिक्षकाचे शब्द ही केवळ खूण असते. सत्य ओळखायचे ते शिकणाऱ्याने अंतःकरणात आणि तेथे खरा गुरू ख्रिस्त असतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्यात भर घातली. बाहेरच्या शिक्षकाचेही काम आहे, पण ते डॉक्टरच्या कामासारखे आहे. डॉक्टर औषध देतो, पण बरे होते ते रोग्याचे स्वतःचे शरीर. आपल्या वाडीत काम करणाऱ्यांना हे वेगळे समजवायला नको. संत पौलाने करिंथकरांना हेच लिहिले, की एक जण लावतो, दुसरा पाणी घालतो, वाढ मात्र देव देतो. केळीला पाणी घालता येते. तिला ओढून उंच करता येत नाही.

मग शिक्षकाच्या आणि आईवडिलांच्या हाती काय उरते? पुष्कळ उरते. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी सुवार्ताप्रसाराविषयीच्या आपल्या पत्रकात म्हटले, की आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक मनापासून ऐकतो. प्रभू येशूची रीत पाहा. शेवटच्या भोजनाच्या वेळी त्याने आधी शिष्यांचे पाय धुतले आणि नंतर बसून, मी काय केले ते कळले का, असे विचारले. कृती आधी झाली, शिकवण मागून आली. तोच प्रभू बारा वर्षांचा असताना मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. जगाच्या गुरूनेही आधी ऐकून घेतले.

म्हणून, 'चांगुलपणा शिकवता येतो का' या प्रश्नाला आमचे उत्तर असे, की चांगुलपणा सांगून शिकवता येत नाही. पण जो स्वतः शिकायला तयार आहे त्याच्याजवळ राहून तो शिकता येतो. आपण चुकत नाही असे मुलांना दाखवण्याची धडपड आपण करतो. मुलांना ते कधीच खरे वाटत नाही. चुकल्यावर माणूस काय करतो, हे मात्र ती नीट पाहून ठेवतात. त्यांना आपण प्रायश्चित्त संस्काराला पाठवतो. त्या रांगेत ती आपल्याला उभे असलेले पाहतात का?

या आठवड्यासाठी एक विनंती आहे. रात्री रोझरीला बसण्यापूर्वी आठवून पाहा, की मागच्या काही दिवसांत मुलावर, सुनेवर, म्हाताऱ्या आईवर आपण विनाकारण रागावलो का? रागावलो असू तर सर्वांसमोर एकदा म्हणा, "माझे चुकले." आमच्या धर्मशिक्षकांनाही हीच विनंती आहे आणि आम्ही स्वतःही ती पाळू. वर्गात आमच्याकडून कोणा मुलाचे मन दुखावले गेले, तर पालकांनी आम्हांला निःसंकोच येऊन सांगावे. धर्मगुरूंच्या घराचे दार उघडे आहे.

नवीन वर्षात शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सर्वांना प्रभू आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू