हात न लावता घेतलेले दर्शन

औरंगपुऱ्यातल्या एखाद्या गच्चीवरून रात्री वर पाहिले तर मोजकेच तारे हाती लागतात. बाजाराच्या आणि रस्त्यांच्या दिव्यांनी आकाशगंगा केव्हाच पुसून टाकली आहे. म्हणून आकाशाचे फोटो काढू पाहणाऱ्याला दुर्बीण, तिला फिरवणारा माउंट, कॅमेरा आणि बॅटरी गाडीत घालून कन्नडच्या बाजूला अंधार शोधत जावे लागते. तिथे सगळे जोडून झाले की तो दुर्बिणीपासून लांब जाऊन बसतो. माउंटला लावलेला तळहाताएवढा संगणक स्वतःचे वायफाय उभे करतो, त्याला इंटरनेट लागत नाही. टॅबलेटवर बोट टेकले की दुर्बीण वळते, फोकस होतो, तासन्‌तास फोटो निघत राहतात. दुर्बिणीला डोळा कोणीच लावत नाही. याला आकाशदर्शन म्हणायचे का? दर्शन हा शब्द नुसत्या पाहण्यापेक्षा मोठा आहे. देवाचे होते ते दर्शन, आणि न्याय, सांख्य, वेदान्त हीही दर्शनेच. असा शब्द यंत्राच्या कामाला लावावा का, ही शंका रास्त आहे. मला वाटते, लावावा. कारण दर्शन अंतरावर ठरत नाही, अवधानावर ठरते.

पहिला आक्षेप डोळ्याच्या बाजूने येतो. न्यायदर्शन सांगते की इंद्रिय आणि विषय यांचा संनिकर्ष झाला तरच ज्ञान प्रत्यक्ष. इथे तर इंद्रियच गैरहजर. पण मृगातला तेजोमेघ घ्या. त्यातला हायड्रोजन 656 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशात चमकतो, आणि अंधारात आपण डोळ्यातल्या ज्या पेशींनी पाहतो त्या या लाल रंगाला जवळपास आंधळ्या असतात. भिंगातून पाहणाऱ्याला म्हणून राखाडी धूसर डाग दिसतो. शिवाय डोळा आलेला प्रकाश क्षणात सोडून देतो, तर कॅमेरा पाच मिनिटांचा प्रकाश साठवून ठेवतो. फोटोतला रंग पुष्कळदा वाजवीपेक्षा भडक केला जातो हे कबूल, पण लाल तिथे खरोखर आहे आणि राखाडी ही आपल्या डोळ्याची मर्यादा आहे. आणि देवयानी दीर्घिकेचा प्रकाश सुमारे 25 लाख वर्षे चालून आलेला असताना माणूस दुर्बिणीपासून तीस फुटांवर होता की तीन, याने संनिकर्षात काय फरक पडणार?

उलट, लांब राहणे ही त्या यंत्राचीच अट आहे. पाच मिनिटांचे एक्स्पोजर चालू असताना दुर्बिणीला नुसते बोट लागले तरी ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते. लोंबणारी वायर माउंट फिरताना अडकली तरी तेच. तरीही कोणी म्हणेल की जवळ जाऊन थंडीत कुडकुडल्याशिवाय कसले दर्शन? या मापाचा निकाल वारकऱ्यांनी फार पूर्वी लावला आहे. गर्दीत आत जाता आले नाही तर कळसाला हात जोडून परतणारा वारकरी वारी वाया गेली म्हणत नाही. चोखोबांना तर देवळात पाऊलच टाकू दिले नाही. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ आहे. चोखोबांना विठ्ठलाचे दर्शन झाले नाही असे म्हणायला कोण धजावेल? अर्थात लादलेले अंतर आणि स्वतः पत्करलेले अंतर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 1947 साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले ते याच देवळातल्या लादलेल्या अंतराविरुद्ध. पण जवळीक हे दर्शनाचे माप नव्हे, एवढे चोखोबांच्या समाधीशी उभे राहिले की पुरेसे कळते.

मग अवधान कुठे असते? दिवस मावळण्याआधी केलेल्या हिशेबात. माउंट, थंड ठेवायचा कॅमेरा, दव बसू नये म्हणून भिंगाभोवती गुंडाळलेली गरम पट्टी आणि संगणक मिळून बारा व्होल्टवर चार अँपिअर खेचतात असे धरले, तर आठ तासांना 32 अँपिअर-तास लागतात. म्हणून 50 ची बॅटरी न्यायची. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी जवळजवळ अखेरपर्यंत व्होल्टेज टिकवते आणि मग एकदम बसते. तेव्हा नुसता व्होल्टमीटर पाहून भागत नाही, खर्ची पडलेल्या विजेची नोंद ठेवावी लागते. वायर लांब आणि बारीक घेतली तर वाटेतच व्होल्टेज पडते आणि माउंट नेमका वळताना अडखळतो. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर, कारण या भागाचा अक्षांशच तेवढा. उत्तरेला डोंगर आला की माउंटचा अक्ष जुळवायचा सोपा आधार गेला. हे सगळे आधी मनात उभे करावे लागते. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त गोलयंत्र, चक्रयंत्र, घटीयंत्र अशी यंत्रे सांगितली आणि सर्वांत श्रेष्ठ ठरवले ते धीयंत्र, म्हणजे बुद्धी. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवांनी मठ काढल्याचा 1207 चा शिलालेख कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेल्यावर पाटणला आहे. ज्यांनी यंत्रांवर अख्खा अध्याय लिहिला त्यांनीच बुद्धीला यंत्रांच्या रांगेत बसवले, हे मला फार मोलाचे वाटते. बिनतारी यंत्रणेने धीयंत्राला सुट्टी दिलेली नाही, त्याची वेळ फक्त अलीकडे आणली आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत अवघड आहे. अंतर गौण असेल तर कन्नडला तरी कशाला जायचे? चिलीतल्या वाळवंटातली दुर्बीण भाड्याने घेऊन औरंगपुऱ्यातच बसावे, फोटोही सरस निघतील. माझ्याच मापाने मला हे अर्धे मान्य करावे लागते. अंथरुणाला खिळलेला कोणी त्या दुर्बिणीसाठी आकाश अभ्यासून, ढग सरायची वाट पाहत रात्री जागवत असेल, तर ते दर्शनच आहे. तयार फोटो मागवणाऱ्याच्या बाबतीत मात्र दव, ढग, बॅटरी हे सगळे दुसऱ्याने वाहिलेले असते, आणि अवधानही त्या दुसऱ्याचेच असते. कन्नडला गेलेल्याला आणखी एक गोष्ट मिळते, तीही बिनतारी सोयीमुळेच. कॅमेरा उघडला की टॅबलेट पालथा घालता येतो, दुर्बिणीशी उभे राहावे लागत नाही. वीस-तीस मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात, आणि तिकडे यंत्र मृगाचा लाल साठवत असताना इकडे डोक्यावर, नुसत्या डोळ्यांनी, आकाशगंगेचा फिकट पट्टा हळूहळू उमटू लागतो.