सिली

गेल्या महिन्यात माझी नात तिच्या धाकट्या भावाला म्हणाली, "डोन्ट बी सिली!" त्याने आपल्या खाऊतला अर्धा वाटा शेजारच्या मुलाला देऊन टाकला होता. आम्ही सगळे हसलो. नंतर मी शब्दकोश काढून बसलो (निवृत्त शिक्षकाची खोड, दुसरे काय!) आणि हसू आवरले.

'सिली' म्हणजे खुळा, बावळट. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द ज्या रूपात होता, त्याचा अर्थ होता सुखी, भाग्यवान, धन्य. त्याचे जर्मन भावंड 'झेलिग' आजही तोच अर्थ सांभाळून आहे. जर्मन बायबलमध्ये डोंगरावरील प्रवचनातल्या 'धन्य'साठी हाच शब्द येतो.

मग इंग्रजीत काय बिघडले? जो धन्य तो निष्पाप, म्हणून 13व्या शतकाच्या सुमारास 'सिली' म्हणजे निष्पाप, निरुपद्रवी. निरुपद्रवी माणसाला कोणीही तुडवावे, म्हणून पुढे बिचारा, दुबळा. मेंढरांना हे विशेषण सर्रास लावीत. 16व्या शतकात तो बुद्धीने दुबळा ठरला. त्याच शतकात येशूसंघीय फादर रॉबर्ट साउथवेल यांनी गोठ्यातल्या बाळ येशूला आपल्या कवितेत हेच विशेषण लावले. अर्थ अर्थातच दीन, असहाय. साउथवेल यांना 1595 साली लंडनमध्ये फाशी देण्यात आले आणि 1970 साली पोप पॉल सहावे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

'नाईस'चा प्रवास नेमका उलटा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अज्ञानी, इंग्रजीत आला तो मूर्ख म्हणून, आणि 18व्या शतकापर्यंत छान झाला!

'सिली'चा अर्थ कोणा राजाने हुकूम काढून बदलला नाही. साध्या माणसांनी, रोजच्या बोलण्यात, ओठ जरा मुरडून तो बदलला. आपणही मागे नाही. 'भोळा' म्हणताना आपल्या आवाजात कौतुक किती असते आणि कीव किती? 'भोळसट' म्हटले की कौतुक संपलेच.

आता भोळेपणा म्हणजे सद्गुणच, असे मी म्हणणार नाही. प्रभूने शिष्यांना कबुतराच्या निरुपद्रवीपणाबरोबर सापाची हुशारीही मागितली आहे. कोऱ्या कागदावर सही करणारा धन्य नव्हे. पण फसला जाणारा आणि समजून-उमजून देणारा, हे दोघे वेगळे आहेत. आपण मात्र दोघांना एकच शब्द वापरतो.

आमच्या थोरल्या काकांनी वाटणीच्या वेळी विहिरीकडची जागा धाकट्या भावाला सोडली. त्याची मुले लहान होती. काकांना जागेची किंमत पुरती ठाऊक होती. मोजणीच्या दिवशी तेच उभे होते. तरी घरात आम्ही त्यांना वर्षानुवर्षे 'भोळे काका' म्हणत आलो. तोंडावरसुद्धा. ते हसत असत. आता ते नाहीत, आणि त्या हसण्याचा अर्थ विचारायचा राहून गेला.

नातवाला मी अजून काही बोललो नाही. काल त्याने पुन्हा अर्धा खाऊ दिला.