बहिष्काराचा अधिकार आणि नागरिकाचे हक्क

वाळीत टाकलेल्या कुटुंबाला कोणी मारहाण करीत नाही की त्याचे घर पेटवीत नाही. वाणी मीठ-तेल देत नाही, गिरणीत दळण घेतले जात नाही, मजूर शेतावर येत नाहीत, मुलीचे ठरलेले लग्न मोडते आणि घरात मयत झाले तर खांदा द्यायला चार माणसे मिळत नाहीत. कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते; वाळीत टाकलेल्या घराच्या अंगणात ती येत नाही. त्या घरच्या बाईला देवीची ओटी भरता येत नाही आणि गावकी त्या घरची वर्गणीही घेत नाही. या शिक्षेला आरोपपत्र नसते, मुदत नसते, अपील नसते. जातीची पंचायत, गावची गावकी किंवा पंथाचा धर्मप्रमुख ती सुनावतो आणि तिची अंमलबजावणी शेजारीपाजारी करतात, कारण बहिष्कृताशी बोलणाराही बहिष्कृत ठरतो.

राज्यसंस्थेने या शिक्षेला हात घालावा की नाही, हा महाराष्ट्रातला जवळजवळ दोनशे वर्षांचा वाद आहे. आपला कोण आणि परका कोण हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक समूहाला असतो. श्रद्धेवर उभ्या असलेल्या समूहाला तर तो असलाच पाहिजे, असे एक पक्ष सांगतो. दुसऱ्या पक्षाच्या मते समूहातून काढणे आणि जगणे अशक्य करणे या दोन गोष्टी व्यवहारात वेगळ्या उरत नाहीत, म्हणून कायद्याने मध्ये पडलेच पाहिजे.

कंपनी सरकारने सुरुवातीला अंग काढून घेतले. मुंबई इलाख्यातील १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने जातीच्या अंतर्गत प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी ढवळाढवळ करू नये, असे धोरण ठरवले. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने मात्र एक पाऊल पुढे टाकले: धर्म सोडला किंवा जातीबाहेर काढले म्हणून कोणाचाही मालमत्तेचा वा वारसाचा हक्क बुडणार नाही. त्या काळच्या सनातनी मंडळींना हा धर्मावरचा घाला वाटला. वास्तविक सरकारने फक्त मालमत्ता वाचवली होती. पाणवठा, पंगत, लग्न, अंत्यसंस्कार हे सगळे जातीच्याच हाती राहिले.

हाती राहिलेली ही सत्ता किती मोठी होती, हे पुण्यातील पंचहौद या ख्रिस्ती मिशनच्या चहाने दाखवले. ऑक्टोबर १८९० मध्ये तेथे जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली आणि पुढे त्यांची नावे छापून आली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी मंडळ बसले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये ते घेतले आणि सुधारकांचे बोल ऐकून घेतले. सामाजिक सुधारणेबद्दल या दोघांची मते परस्परविरोधी होती, पण ग्रामण्यापुढे, म्हणजे जातीच्या बहिष्कारापुढे, दोघांचीही अडचण एकच होती. पुढल्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्याशी संबंध ठेवणाऱ्यांनाही वाळीत टाकण्याचा ठराव केला. कर्व्यांचा पुनर्विवाह कायद्याने पूर्णपणे वैध होता. १८५६ पासून तशी तरतूद होती. तरीही आईला भेटायला स्वतःच्या गावी जाणे त्यांना अवघड झाले. कायद्याने दिलेला हक्क बहिष्काराच्या धाकाने कसा कागदावरच राहतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

ब्राह्मण सुधारकांवरचे हे बहिष्कार इतिहासात ठळकपणे नोंदले गेले, कारण ते लिहिते होते. अस्पृश्यांवरचा बहिष्कार त्याहून कितीतरी भीषण होता, कारण तो पोटावर येई. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात त्याची नोंद केली. अस्पृश्यांनी हक्क बजावायचे म्हटले की कुळांकडून जमीन काढून घेतली जाते, मजुरी बंद होते, दुकाने बंद होतात, वाट अडवली जाते; आणि उघड हिंसेपेक्षाही हे हत्यार अधिक परिणामकारक ठरते, असा तिचा निष्कर्ष होता. डॉ. आंबेडकर या समितीचे सदस्य होते. गोलमेज परिषदेपुढे त्यांनी अस्पृश्यांसाठी ज्या संरक्षणांची मागणी केली, तीत बहिष्काराला गुन्हा ठरवण्याची स्वतंत्र मागणी होती आणि तिचा मसुदा त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतला होता. मतदानाचा आणि पाण्याचा हक्क मिळाला, पण बहिष्काराचे हत्यार सवर्णांच्या हाती राहिले, तर तो हक्क वापरण्याची हिंमत कोणी करणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. आधी हक्कांचा कायदा की आधी बहिष्कारबंदीचा, या प्रश्नाला त्यांनी दिलेले हे उत्तर आजही खोडून काढता आलेले नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला. तो सर्व धर्मांना लागू होता. कोणत्याही समाजातून सभासदाला काढून त्याचे दिवाणी न्यायालयात मागता येणारे हक्क हिरावणे रद्दबातल ठरवले गेले आणि असे करणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. पूजास्थानात जाण्याचा हक्क, दफनाचा वा दहनाचा हक्क हेही या हक्कांत मोडतात, असे स्पष्टीकरण कायद्यातच होते. कायद्याची खरी धार या स्पष्टीकरणात होती. स्मशानभूमी धर्माची की नागरिकाची, या प्रश्नाला विधिमंडळाने प्रथमच सरळ उत्तर दिले होते.

त्याला आव्हान दिले दाऊदी बोहरा समाजाचे धर्मप्रमुख सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी. समाजातील एका सदस्याने आपल्यावरचे १९३४ आणि १९४८ चे बहिष्काराचे आदेश या कायद्याखाली बेकायदा ठरवून मागितले होते. मुंबई उच्च न्यायालयाने, मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या पीठाने, कायदा वैध ठरवला. सर्वोच्च न्यायालयात मात्र ९ जानेवारी १९६२ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो घटनाबाह्य ठरला. धर्माच्या कारणावरून केलेला बहिष्कार हा श्रद्धेची एकता राखण्याचा उपाय आहे, म्हणून तो घटनेच्या कलम २६ मधील धार्मिक बाबींच्या व्यवस्थापनात येतो, असे बहुमताने म्हटले. त्या अधिकारामुळे कोणाच्या नागरी हक्कांना बाधा आली, तरी त्याने फरक पडत नाही, हेही बहुमताने नोंदवले. मुख्य न्यायमूर्ती भुवनेश्वर प्रसाद सिन्हा एकटे वेगळे राहिले. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्य होतो, तेव्हा हा कायदा अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलम १७ च्या आज्ञेचेच पालन करतो, असे त्यांचे मत होते.

बहुमताच्या निकालात एक खरी भीती आहे आणि ती झटकून टाकणे बरोबर नाही. सरकार सुधारणेच्या नावाखाली धर्माचा गाभाच बदलू लागले, तर श्रद्धेच्या स्वातंत्र्याला अर्थ उरत नाही. अल्पसंख्य समाजाला हा धोका अधिक जाणवणे साहजिक आहे. १९४९ च्या कायद्यातही दोष होता. एखाद्या माणसाचा आता त्या श्रद्धेवर विश्वास नाही, एवढी घोषणा करणे आणि त्याला कबरीची जागा नाकारणे, या दोन कृती त्याने एकाच मापाने मोजल्या. पहिली कृती धर्माच्या अखत्यारीत आहे. कोण मुमीन, कोण वारकरी, कोण भक्त हे ठरवणे सरकारचे काम नव्हे.

पण बहुमताने निवडलेली कसोटी चुकीची होती. बहिष्कार धार्मिक कारणाने झाला की अन्य कारणाने, असा प्रश्न न्यायालयाने विचारला; आणि कारण सांगणारा नेहमी आदेश काढणाराच असतो. वर्गणीचा हिशेब मागणाऱ्याला, धर्मप्रमुखावर टीका करणाऱ्याला, परजातीत लग्न करणाऱ्याला समूहाची शिस्त मोडणारा ठरवणे कठीण नसते. प्रश्न परिणामाचा विचारायला हवा होता. घर, रोजगार, नवरा-बायकोचे नाते, आई-बापांच्या अंत्यविधीला उपस्थिती आणि मृत्यूनंतरची जागा यांपैकी काय हिरावले गेले? यांपैकी काहीही हिरावले गेले असेल, तर आदेशामागची श्रद्धा कितीही प्रामाणिक असो, हानी नागरिकाची झालेली आहे. बोहरा समाजातील बहिष्कृतांच्या तक्रारींची चौकशी करून न्यायमूर्ती नाथवानी आयोगाने १९७९ मध्ये जो अहवाल दिला, त्यात याच स्वरूपाचे अनुभव नोंदवले गेले. अशा माणसाला धर्म सोडण्याचे स्वातंत्र्य आहे, हे उत्तर पुरेसे नाही. त्याला धर्म सोडायचा नसतो. धर्मात राहून मतभेद व्यक्त करायचा असतो.

१९६२ नंतर महाराष्ट्रात बहिष्काराविरुद्ध सर्वसाधारण कायदा उरला नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा होता, पण तो अस्पृश्यतेपुरता. जातपंचायतीने दंड वसूल केला तर पोलीस खंडणीचे कलम लावत, नाहीतर 'तुमच्या समाजातली बाब आहे, आपसात मिटवा' असे सांगून तक्रारदाराची बोळवण होई. चोपन्न वर्षे विधिमंडळाने हा विषय हाती घेतला नाही. वेळ नव्हता, हे कारण पटत नाही. बहिष्कार घालणाऱ्या गावक्या आणि पंचायती एकगठ्ठा मते फिरवू शकतात आणि बहिष्कृत कुटुंब एकटे असते, हे खरे कारण आहे. २०१३ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम उघडली, रायगड जिल्ह्यातील वाळीत प्रकरणे वर्तमानपत्रांतून एकामागून एक बाहेर आली, तेव्हा कुठे सरकार हलले.

एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये तो अमलात आला. १९४९ चा कायदा त्याने रद्द केला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, दंडाची रक्कम पीडिताला देण्याची सोय आणि बहिष्कार प्रतिबंध अधिकाऱ्यांची तरतूद त्यात आहे. या कायद्याची रचना जुन्याहून शहाणपणाची आहे. तो श्रद्धेच्या सीमेविषयी बोलत नाही, कृतींची यादी देतो: विधी वा मिरवणुकीत सहभागी होऊ न देणे, लग्न वा अंत्यविधीत अडथळा आणणे, व्यवहार तोडणे, सार्वजनिक सोयी नाकारणे. शिमग्याची पालखी दारावरून पुढे नेण्याचा ठराव गावकीने केला तर तो या यादीत येतो. एखाद्या शेजाऱ्याने स्वतःच्या मर्जीने आमंत्रण दिले नाही, तर ते या यादीत येत नाही. समूहाचा आदेश आणि व्यक्तीची नापसंती यांतला हा फरक महत्त्वाचा आहे.

बोहरा सुधारकांची १९८६ ची याचिका फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवली. १९६२ चा निकाल टिकेल की नाही, हे त्या पीठाच्या हाती आहे. तो तसाच राहिला, तर गावकीने कबर नाकारली की गुन्हा आणि धर्मप्रमुखाने नाकारली की हक्क, अशी दोन मापे एकाच राज्यात टिकून राहतील. न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत सरकारला थांबण्याचे कारण नाही. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात वाळीत टाकल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला 'आपसात मिटवा' म्हणणे आता कायद्यात बसत नाही, आणि हे प्रत्येक ठाणेदाराला लेखी कळवणे शासनाच्या हातात आहे. ते शासनाने करावे.