मधुचंद्र आणि तिसरे माणूस

परमुलखात नोकरी करणाऱ्याचे घर बहुधा दोन खोल्यांचे. नवविवाहितांना एकांत हवा तर गावच सोडावे लागते. म्हणून आईला म्हैसुरास एकटी ठेवून आम्ही दोघे उटीस गेलो. वडिलांबरोबर ती नरसोबाच्या वाडीपलीकडे कधी गेली नव्हती. सरोवराकाठी नेमके तेच आठवले. कोइमतूरचे कलेक्टर जॉन सलिव्हन यांनी १८२४ च्या सुमारास डोंगरातले प्रवाह अडवून हे सरोवर निर्माण केले. दोघांचा एकांतही असा अडवूनच मिळवावयाचा काय? अडविल्यावाचून तळे होत नाही, हे मान्य. परंतु खाली कोणाच्या वाट्याचे पाणी तुटले, हे काठावरून मला दिसेना. रात्री दूरध्वनीवर आईने एवढेच विचारले, "तळे आपल्या रंकाळ्याएवढे आहे का रे?"