फडताळ आणि ‘जैसे थे’

जुनी वस्तू सांभाळणे हा सद्गुण आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आपला मुलूख सोडून माळव्यात स्थिरावलेल्या घराण्यांत तर तो कुळाचारासारखा पाळला जातो. परंतु सांभाळणे म्हणजे नेमके काय, आणि त्याची किंमत कोण मोजते, हा विचार माझ्या मनात सेवानिवृत्तीनंतर आला. तोही एका फडताळामुळे.

आमच्या इंदूरच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीत एक सागवानी फडताळ आहे. १९४८ साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, त्याच्या काही वर्षे आधी आजोबांनी ते करवून घेतले. गेल्या पावसाळ्यात त्याची तळाची फळी ओल लागून कुजली आणि एक दार बिजागरीतून निखळले. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, ते सगळं काढून टाका. मॉड्युलर किचन बसवून घेऊ.” मी दुखावलो. वाडवडिलांची वस्तू भंगारात घालायची? आपल्याच हातांनी ती दुरुस्त करायची, असे मी ठरवले.

दारे उतरवून त्यांच्या पाठीवर खडूने क्रमांक घातले. तैलरंगाचे तीन थर चढलेले होते: वर मोतिया, त्याखाली राखाडी, सर्वांत आत हिरवा. जुन्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव मोठा. घरगुती रंगांतील शिशाला दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे केंद्र सरकारचे नियम २०१६ साली झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. आमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून रंग कोरडा घासणे किंवा ज्योतीने जाळणे टाळले. धुळीचा मास्क लावून, वॉटर पेपर पाण्यात भिजवून हळूहळू घासले आणि निघालेला राडा लगेच ओल्या फडक्याने टिपून घेतला. स्क्रूंची भोके सैल झाली होती. त्यांत फेव्हिकॉल लावलेल्या लाकडी काड्या ठोकून, त्या सुकल्यावर स्क्रू पुन्हा आवळले. कुजलेल्या फळीच्या मापाची नवी फळी कापून आणली.

अशा कामात हात गुंतलेले असतात आणि मन मोकळे असते. मला प्लुटार्कने सांगितलेले थीसियसचे जहाज आठवले. अथेन्सचे लोक त्याची कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले, आणि ते जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञ वाद घालत राहिले. पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर सोहळाही आठवला. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी कडुनिंबाच्या नव्या मूर्ती घडवल्या जातात. अलीकडचा सोहळा २०१५ साली झाला. तेथे लाकूड बदलते, देव बदलत नाही, ही भाविकांची श्रद्धा. मग फळी बदलली तरी आमचे फडताळ आजोबांचेच राहील, असा निर्णय मी मोठ्या समाधानाने स्वतःशी दिला.

नवी फळी हातात घेऊन वाकलो, तोच पत्नीने विचारले, “अहो, ती परत तिथेच बसवणार का?”

“म्हणजे? तिची जागा तीच आहे.”

“तुमच्या आजीची होती. त्या पाटावर बसून स्वयंपाक करायच्या.”

मी फडताळाकडे जणू प्रथमच पाहिले. तळाचा खण जमिनीपासून वीतभर उंचीवर; चुलीपुढे बसलेल्या बाईचा हात सहज पोहोचावा म्हणून. माझ्या लहानपणी घरात ओटा आला आणि स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. फडताळ मात्र बसलेलेच राहिले. डाळ-तांदळाच्या डब्यांसाठी दिवसातून किती वेळा वाकायचे आणि सर्वांत वरच्या फळीवरील बरण्यांसाठी किती वेळा स्टुलावर चढायचे, याचा हिशेब अडतीस वर्षे तिच्या गुडघ्यांनी ठेवला. मी ठेवला नाही.

शासकीय सेवेत असताना कित्येक प्रकरणांवर मी ‘जैसे थे ठेवावे’ असा शेरा मारला असेल. तो शेरा लिहिणाऱ्याला काही खर्च येत नाही. खर्च येतो तो ज्याला त्या स्थितीत राहायचे असते त्याला. फडताळ तेच की दुसरे, हा प्रश्न खोटा नाही. पण तो समोर उभे राहून पाहणाऱ्याचा प्रश्न आहे. त्यात रोज हात घालणाऱ्याचा प्रश्न निराळा, आणि माझ्या मते नैतिकदृष्ट्या आधीचा.

मग मुलाचेच म्हणणे बरोबर होते, असे कोणी म्हणेल. तसे मला वाटत नाही. मी राखायला निघालो, तो मोडायला निघाला. आईला दोघांनीही विचारले नव्हते.

फळ्या कोठे घ्यायच्या हे शेवटी तिने ठरवले. तळाची फळी दीड फूट वर घेतली. फरशी धुतल्याचे पाणी आता तिला लागणार नाही, हा वेगळा लाभ. वरची फूटभर खाली आणली. अगदी खाली आणि अगदी वर आता केवळ सणासुदीची भांडी आहेत. सागवानी पट्ट्यांवर करवत धरताना हात अडखळला, हे कबूल करतो. कापलेले पुन्हा जुळत नाही. म्हणून नव्या पट्ट्या स्क्रूंनीच बसवल्या, पुढच्या पिढीला त्या काढता याव्यात. जुन्या खाचा लांबी भरून बुजवल्या नाहीत. फळ्या पूर्वी कोठे होत्या, हे कोणालाही दिसेल.

आपण परप्रांतात मराठीपण टिकवल्याचा अभिमान बाळगतो. गौरींचा नैवेद्य, पुरणपोळी, सोवळे-ओवळे यांतले बरेचसे टिकवण्याचे काम स्वयंपाकघरात झाले आणि ज्यांनी ते केले त्यांना क्वचितच कोणी काही विचारले. परंपरा मोडा, असे मी म्हणत नाही. ती ज्यांच्या हातांवर उभी आहे, त्यांना विचारल्यावाचून ‘जैसे थे’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढेच म्हणतो.

काम संपल्यावर पत्नीने दार दोनदा उघडून लावून पाहिले. “छान लागतं,” ती म्हणाली. मग स्टूल उचलून माळ्यावर ठेवायला माझ्या हाती दिले आणि म्हणाली, “दहा वर्षांपूर्वी विचारलं असतंत, तर जास्त उपयोग झाला असता.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.