संग्रह आणि परिग्रह

गृहस्थाने घरात किती वस्तू ठेवाव्यात, हा प्रश्न वरकरणी व्यवहाराचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी धर्मविचार आहे. भिक्षूची झोळी रोज भरते आणि रोज रिती होते. तिच्या आकारानेच त्याची मर्यादा ठरलेली असते. वासनिकाचे तसे नाही. मुलेबाळे, गुरेढोरे, पेरणी, आजारपण, पै-पाहुणा या सर्वांची तजवीज त्याला करावी लागते. त्याला संग्रह वर्ज्य सांगितला, तर संसार चालणार नाही. मोकळीक दिली, तर संग्रहाला अंत राहणार नाही. मग सीमा कोठे मानावी?

करवीर तालुक्यातील उचगावच्या दृष्टान्ताने हे स्पष्ट होईल. कोल्हापूर शहराच्या पूर्वेस असलेल्या या गावाच्या शेजारीच गांधीनगरची घाऊक बाजारपेठ आहे. वळिवड्याच्या या भूमीवर १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. पुढे फाळणीमुळे सिंध प्रांत सोडून आलेली कुटुंबे तेथे वसली, वसाहतीला गांधीनगर हे नाव मिळाले आणि कापडाचा मोठा व्यापार उभा राहिला. जेथे सर्वस्व गमावलेली माणसे उतरली, तेथेच आज वस्तूंच्या राशी लागतात. परंतु त्या निर्वासितांना विरक्त म्हणता येईल काय? नाही. त्यांचे हात काळाने रिकामे केले होते. त्यांनी स्वतः काही सोडले नव्हते. वस्तूंचा अभाव म्हणजे वैराग्य नव्हे. तसेच वस्तूंचे असणे म्हणजेच परिग्रह, असेही नव्हे.

मग भेद कशात आहे? शेतकऱ्याची कणगी सुगीला भरते आणि पुढच्या सुगीपर्यंत उतरत जाते. बियाणे जपून ठेवतात ते मातीत टाकण्यासाठीच. जुन्या लुगड्यांची वाकळ होते, वाकळ विरली की तिचे पोतेरे होते. या सर्व वस्तूंना घरात येण्याची वाट आहे, तशी घरातून जाण्याचीही आहे. हा संग्रह होय. जी वस्तू आली आणि जिची जाण्याची वाट बुजली, ती परिग्रह होय. मग ती सोन्याची असो की माळ्यावरची फुटकी बादली असो.

ही वाट बुजते कशी? उसाचे बिल हाती येते, लग्नसराई जवळ येते आणि पेठ तर दोन पावलांवर असते. एक साडी घ्यावयास गेलेली व्यक्ती घाऊक भावात मिळतात म्हणून सहा घेऊन येते आणि ‘स्वस्त पडल्या’ म्हणून समाधान पावते. या हिशेबात एक चूक आहे. पाच साड्या घ्यावयाच्याच नव्हत्या. तेव्हा त्यांत वाचले काही नाही, खर्च मात्र झाला. शिवाय त्यांना जागा लागते, कसर लागू नये म्हणून त्या जपाव्या लागतात. ही किंमत पावतीवर लिहिलेली नसते. आता तर पेठेपर्यंत जाण्याचेही कारण उरलेले नाही. मोबाइलवर बोट टेकले की वस्तू दारी येते आणि हप्त्याने घेतली, तर अद्याप न मिळवलेले धनही खर्ची पडते. जुने कपडे बोहारणीला देऊन नवे भांडे घेणाऱ्या घरात तर बाहेर जाण्याची वाटच आत येण्याची वाट बनते.

येथे अशी शंका संभवते की, लोकांनी खरेदी केली नाही, तर इचलकरंजीच्या यंत्रमागावरील कामगाराने आणि दुकानदाराने जगावे कसे? शंका रास्त आहे. परंतु गरजेची खरेदी कोणी वर्ज्य सांगत नाही. आणि अडगळीवर न गेलेला पैसा मुलाच्या शिक्षणास, औषधपाण्यास, विहिरीच्या डागडुजीस लागला, तर तोही कोणाच्या तरी चुलीपर्यंत पोहोचतोच.

दुसरी शंका अशी की, ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवणे ही दूरदृष्टी नव्हे काय? कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानली आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी तिच्यावर १० फुटांहून अधिक चढले; प्रयाग चिखली, आंबेवाडी येथील घरांत ते शिरले. अशा वेळी माणूस कागदपत्रे, औषधे आणि गुरांची दावी हाती घेतो. ‘कधीतरी’साठी ठेवलेले सारे मागेच राहते. खऱ्या अडचणीची तरतूद एका गाठोड्यात मावते. उरलेली तरतूद मनाच्या भयाची असते.

लीळाचरित्रातील एकांकात हरिपाळदेवांचा प्रसंग आहे. द्यूतात हरल्यावर त्यांनी कमळाइसेजवळ अलंकार मागितले. तिने दिले नाहीत आणि तेथून त्यांना संसाराची विरक्ती आली. द्यूताच्या ऋणासाठी अलंकार न देणाऱ्या स्त्रीला व्यवहार दोष देणार नाही. पण या प्रसंगाचे मर्म निराळे आहे. वस्तूविषयीचे ममत्व ती जवळ असेपर्यंत दिसत नाही. ती मागितली जाते, तेव्हाच ते उघडे पडते. म्हणून साधकाने आपल्याच वस्तू स्वतःकडे मागून पाहाव्यात आणि मनात काय उठते ते निरखावे.

कोल्हापूरच्या परिसरात जैन श्रावकांचे परिग्रहपरिमाण व्रत परिचित आहे. शेत, घर, सोने, धान्य, वस्त्र, भांडी यांची मर्यादा श्रावक आधीच ठरवतो. दर्शन भिन्न असले, तरी या व्रतातील ‘आधी’ हा शब्द वासनिकाने घेण्याजोगा आहे. वस्तू आल्यावर मर्यादा सुचत नाही. म्हणून ती घेण्यापूर्वीच तिची जाण्याची वाट ठरवावी. माळा भरला, तर दुसरा माळा बांधू नये. द्यावयाचे ते दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असेच द्यावे. फाटके गाठोडे दुसऱ्याच्या दारात टाकणे हे दान नव्हे. आणि त्याग हा स्वतःच्याच वस्तूचा होतो, हेही विसरू नये. सासूच्या पेटीतील लुगडे तिला न विचारता सुनेने देऊन टाकले, तर पेटी हलकी होईल, पण घरातला जिव्हाळा तुटेल. ज्याने त्याने आपल्या पेटीपासून प्रारंभ करावा.